बॅले आणि समकालीन नृत्य बघणाऱ्यांना नेहमी पडणारे प्रश्न

मी सांगलीत वाढले. तिसऱ्या घंटेनंतर पडदा सरकताना पोटात होणारी हुरहुर लहानपणापासून ओळखीची. नोकरीसाठी लंडनला आले तेव्हा ती मागेच राहिली असं वाटलं होतं. मग एका हिवाळ्यात ऑफिसातल्या मैत्रिणीला ऐनवेळी जमेना, तिने आपलं तिकीट माझ्या हातात ठेवलं आणि मी कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर जाऊन बसले. 'जिझेल' होता. त्या रात्रीपासून मी बॅलेची आणि पुढे समकालीन नृत्याचीही प्रेक्षक झाले. मुंबई-पुण्याहून येणारे पाहुणे, इथल्या मंडळात भेटणारी माणसं, फोनवरची भाचरं, सगळ्यांचे प्रश्न साधारण हेच असतात.

नृत्यातलं काहीच कळत नाही. बॅले डोक्यावरून जाईल का?

नाही जाणार. गोष्ट मात्र आधी वाचून जा. संगीत नाटकाला जाणाऱ्यांना सुभद्रा शेवटी कोणाची होणार हे ठाऊक असायचंच, तरी लोक रात्र रात्र बसायचे. बॅलेचंही तसंच आहे.

जुन्या बॅलेंमध्ये बोलण्याऐवजी हातांची ठरलेली भाषा असते. मुद्रा बघत वाढलेल्या आपल्या लोकांना ती चटकन पकडता येते. डोक्यावर दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवले की 'नाच'. चेहऱ्याभोवती हाताने गोल काढला की 'सुंदर'. अनामिकेकडे बोट दाखवलं की लग्न. दोन बोटं वर उचलली की शपथ. मुठी वळून मनगटं एकमेकांवर ठेवली की मृत्यू. एवढ्या पाच खुणांवर एकोणिसाव्या शतकातला बराच बॅले उलगडतो.

पहिला बॅले कोणता बघू?

माझं उत्तर ठरलेलं आहे: 'जिझेल'. पहिला प्रयोग पॅरिसमध्ये, २८ जून १८४१ रोजी झाला. दोनच अंक आहेत. जिझेल ही खेड्यातली मुलगी, नाचायचं वेड असलेली, काळजाने नाजूक. तिच्यावर प्रेम करणारा आल्ब्रेख्त हा वेष पालटून आलेला उमराव, आणि त्याचं लग्न आधीच ठरलेलं. ते कळल्यावर तिचं भान सुटतं आणि ती कोसळते. दुसरा अंक रात्रीच्या रानात. लग्नाआधीच दगा मिळून मेलेल्या मुलींची भुतं, त्यांना विली म्हणतात, वाटेत सापडलेल्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवतात. जिझेलही आता त्यांच्यातली एक आहे, पण आल्ब्रेख्तला ती पहाटेपर्यंत जगवते. कोकणात बालपण गेलेल्यांना हा दुसरा अंक समजावून सांगावा लागत नाही.

'स्वान लेक' दुसऱ्या खेपेला बघा. त्याचे चार अंक आहेत, आणि आज आपण पाहतो ते रूप बहुतांशी १८९५ च्या सेंट पीटर्सबर्गमधल्या प्रयोगावरून आलेलं आहे. शापाने हंस झालेली पांढरी ओडेट आणि तिचं रूप घेऊन राजपुत्राला फसवणारी काळी ओडील, दोन्ही एकच नर्तकी करते. लहान मुलं बरोबर असतील तर नाताळाच्या दिवसांत 'नटक्रॅकर' गाठा. वयाची अट काय आहे ते तिकीट काढतानाच पाहून घ्या.

तोच बॅले पुन्हा पुन्हा काय बघायचा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं.

यमन एकदा ऐकला म्हणून संपत नाही. तो अमुक गवयाने कसा मांडला आणि तमुकाने कसा, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बोलणं चालतं. बॅलेचा रसिक तेच करतो. पावलं ठरलेली, संगीत ठरलेलं. माणूस बदलला की आतलं सगळं बदलतं.

एका आठवड्यात मी 'जिझेल'चे दोन प्रयोग दोन वेगळ्या संचांत पाहिले. पहिल्या अंकात जिझेल डेझीच्या पाकळ्या एकेक करून तोडते, याचं माझ्यावर प्रेम आहे की नाही हे बघायला. भान सुटल्यावर ती हातात नसलेल्या फुलाच्या पाकळ्या तशाच तोडते. पहिल्या रात्रीच्या नर्तकीला त्या वेळी आसपासचं कोणी दिसतच नव्हतं. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. दुसऱ्या रात्रीची नर्तकी मात्र प्रत्येक पाकळीनंतर आईकडे बघत होती, चुकलेल्या लेकराने बघावं तशी. आई तीच, पाकळ्या तेवढ्याच, आणि मी दोन वेगळ्या मुली मरताना पाहिल्या. दुसऱ्या रात्री घरी परतताना ट्यूबमध्ये माझं उतरायचं स्टेशन मागे पडलं.

काही जागा नर्तकाच्या मर्जीवर सोडलेल्या असतात. दुसऱ्या अंकात विलींची राणी आल्ब्रेख्तला नाचवते तेव्हा कोणी जागच्या जागी सरळ वर उड्या घेतो, हवेत पाय कात्रीसारखे एकमेकांवरून काढतो आणि हे थांबवतच नाही. दुसरा कोणी त्याऐवजी तिरक्या रेषेत राणीकडे ओढला गेल्यासारखा पायांची झटापट करत येतो. पहिल्यात शिक्षा दिसते, दुसऱ्यात मंत्र. मला दुसरा जास्त भावतो. माझ्या ओळखीतले दोघे पहिल्यासाठी भांडायला तयार असतात.

म्हणून तीन वेगळे बॅले एकेकदा बघण्यापेक्षा एकच बॅले तीन संचांत बघा. नजर त्यानेच तयार होते.

कोणत्या दिवशी कोण नाचणार, हे कसं कळतं?

मोठ्या संस्था संच आधी जाहीर करतात. तिकीट काढण्याआधी तारखेखालची नावं वाचायची सवय लावून घ्या. रॉयल ऑपेरा हाउसमध्ये नाचणाऱ्या रॉयल बॅले या संस्थेत नर्तकांच्या पाच पायऱ्या आहेत: आर्टिस्ट, फर्स्ट आर्टिस्ट, सोलोइस्ट, फर्स्ट सोलोइस्ट आणि प्रिन्सिपल. पॅरिस ऑपेरात सगळ्यात वरची पायरी 'एत्वाल', म्हणजे तारा. तिथे प्रयोग संपल्यावर, रंगमंचावरच, प्रेक्षकांसमोर एखाद्याला एत्वाल घोषित करण्याची प्रथा आहे.

पण मोठ्या नावांच्याच मागे लागू नका. नृत्यरचनाकार केनेथ मॅकमिलन यांनी रॉयल बॅलेसाठी 'रोमिओ अँड ज्युलिएट' बसवला तो लिन सीमोर आणि ख्रिस्तोफर गेबल या जोडीवर. ९ फेब्रुवारी १९६५ चा पहिला प्रयोग मात्र मार्गो फॉन्टेन आणि रुडॉल्फ नुरेयेव्ह या गाजलेल्या जोडीला दिला गेला. टाळ्या सुमारे ४० मिनिटं चालल्या आणि ती रात्र इतिहासात गेली. पण ज्युलिएटचं ते अंग, तो हट्ट, ती अधीरता सीमोर यांच्या शरीरातून आली होती. दुसऱ्या-तिसऱ्या संचातला प्रयोग म्हणजे दुय्यम प्रयोग नव्हे. पहिल्यांदाच मोठी भूमिका करणारी एखादी पोरगी दुपारच्या प्रयोगात जे देऊन जाते, ते संध्याकाळी मिळेलच असं नाही.

संच ऐनवेळी बदलतोही. एका प्रयोगात मध्यंतरानंतर पडदा सरकण्याऐवजी एक गृहस्थ पडद्यापुढे आले आणि त्यांनी सांगितलं की नायिकेला दुखापत झाली आहे, उरलेला भाग दुसरी नर्तकी करेल. सभागृहात क्षणभर चिडीचूप. नंतर ती दुसरी आली आणि जोडीदाराचा हात तिने पहिल्यांदा धरला, तेव्हा त्याने तिच्याकडे पाहून मान इतकी हलकी हलवली की दुर्बिणीतूनच दिसावी. ज्या नावासाठी आपण तिकीट काढलं ते हुकल्याचं वाईट वाटतं, वाटू द्यावं. पण उठून जाऊ नये.

तिकिटं फार महाग असतात ना?

खालची असतात. वरच्या मजल्यावरच्या, बाजूच्या आणि उभं राहून बघायच्या जागा खूपच स्वस्त मिळतात. रॉयल ऑपेरा हाउस दर शुक्रवारी दुपारी एक वाजता पुढच्या आठवड्यातल्या प्रयोगांची काही तिकिटं विक्रीला काढतं. हाऊसफुल्ल प्रयोगाची बरीच तिकिटं मला अशीच मिळाली आहेत. परत आलेली तिकिटंही प्रयोगाच्या दिवशी दिसतात, दिवसभर अधूनमधून बघत राहावं लागतं.

मग बसायचं कुठे?

समूहनृत्य असेल तर वर. हंसांच्या रांगा, त्यांची वर्तुळं, रांगांमधून निघणाऱ्या रांगा हे सगळं उंचीवरूनच दिसतं. अभिनय जास्त असेल तर खाली, मधल्या रांगांत. अगदी पहिल्या रांगेत बसलात तर काही नाट्यगृहांत पावलंच दिसत नाहीत. बाजूच्या स्वस्त जागेवरून रंगमंचाचा एक कोपरा हरवतो, पण विंगेत उभी राहून दम खाणारी नर्तकी दिसते, आणि प्रवेश होताच तिचा तोच चेहरा कसा पालटतो तेही दिसतं. दुर्बीण जवळ ठेवा. समूह नाचत असताना मात्र ती खाली ठेवा.

कपडे काय घालायचे?

स्वच्छ आणि आरामाचे. जीन्स चालते. पाहुण्या मावशी साडी नेसून आल्या तर चारचौघी थांबून कौतुक करतात.

टाळ्या कधी वाजवायच्या?

जुन्या बॅलेत एखादा तुकडा संपला, नर्तकाने वाकून नमस्कार केला की वाजवा. गिरक्या चालू असतानाही लोक वाजवतात, विशेषतः 'स्वान लेक'मध्ये ओडील एका पायावर ३२ गिरक्या घेते तेव्हा. पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने १८९५ मध्ये त्या तिथे आणल्या आणि तेव्हापासून प्रेक्षक मनातल्या मनात मोजत आला आहे. मी मोजणं सोडलं. मोजताना तिच्या चेहऱ्यावरचा कावा निसटतो, आणि तो प्रवेश आहे फसवणुकीचा.

समकालीन नृत्यात पूर्ण अंधार होईपर्यंत थांबा. त्या अंधारातले दोन-तीन श्वास प्रयोगाचेच असतात. उशिरा आलात तर आत सोडत नाहीत आणि मोबाइल बंदच ठेवायचा, हे मराठी नाटकवाल्यांना वेगळं सांगायला नको.

बोटांच्या टोकांवर उभं राहतात ते कसं? आत लोखंड असतं का?

लोखंडही नसतं, लाकूडही नसतं. पॉइंट शूजच्या टोकाला कापड, कागद आणि खळ यांचे थर एकावर एक चढवून ते कडक वाळवलेले असतात. वरून साटीन, तळाला एक ताठ पट्टी. बाकी सगळं काम घोट्यांचं, पोटऱ्यांचं आणि पाठीचं. मारी तालिओनी या नर्तकीने १८३२ मध्ये 'ला सिल्फीद' याच तंत्रावर नाचून दाखवला, तेव्हा आजच्यासारखं कडक टोक नव्हतंच. टोकाला शिवून घेतलेले टाके आणि अपार सराव, इतकंच.

लंडनच्या फ्रीड या १९२९ पासूनच्या कंपनीत हे बूट अजून हाताने घडवतात. प्रत्येक कारागीर तळव्यावर आपली खूण उमटवतो, कोणाचा मासा, कोणाचा मुकुट, कोणाचं नुसतं अक्षर. नर्तकी वर्षानुवर्षं एकाच खुणेचे बूट मागवते. कोल्हापुरात चप्पल ठरावीक कारागिराकडूनच घेणारे लोक असतात, तसंच हे. फिती मात्र ती स्वतः शिवते. नवा बूट वाजतो म्हणून तो दगडी पायरीवर आपटून घेतात, पाय घसरू नये म्हणून विंगेत ठेवलेल्या राळेत टाच आणि टोक घासतात. मोठ्या भूमिकेत एक जोड एका प्रयोगातही संपतो.

पुढच्या रांगेत कधी जागा मिळाली तर संगीत थांबतं त्या क्षणी कान द्या. हवेत तरंगतायत असं वाटणाऱ्या वीस-पंचवीस जणींच्या पावलांचा खालून टक् टक् आवाज येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण ते तरंगणं किती मेहनतीचं आहे हे तोवर नुसतं वाचलेलं होतं.

'ला बायादेर'मध्ये भारत दाखवतात म्हणे. आपल्याला बघवतो का?

अर्धा नाही बघवत, अर्धा आयुष्यभर विसरता येत नाही.

१८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला मारियस पेतिपा यांनी हा बॅले बसवला, भारत न बघता. देवळातली नर्तकी निकिया, तिचा प्रियकर योद्धा सोलोर, राजकन्या गमझाती, मुख्य पुजारी. पहिल्या अंकातले अग्नीभोवती उड्या मारणारे फकीर आणि मनाला येईल तसे जोडलेले हात बघताना मी आजही अस्वस्थ होते. ही अस्वस्थता शेजारच्या गोऱ्या प्रेक्षकाला मध्यंतरात समजावून सांगावी, असं माझं मत आहे. मी सांगते, लोक नीट ऐकून घेतात.

यामागे एक खरी घटनाही आहे. १८३८ मध्ये दक्षिण भारतातल्या देवदासींचं एक छोटं पथक पॅरिसला नाचून आलं. त्यातल्या अमनी नावाच्या नर्तकीवर लेखक तेओफिल गोतिए यांनी भारावून लिहिलं. तीनच वर्षांनी 'जिझेल'ची कथा रचणाऱ्यांत हेच गोतिए होते. लंडनच्या नृत्यरचनाकार शोभना जयसिंग यांनी २०१५ मध्ये त्या भेटीचा धागा धरून 'ला बायादेर'ला उत्तर देणारी स्वतंत्र रचना केली.

आणि तरीही शेवटाकडचा सावल्यांचा प्रवेश. अफूच्या धुंदीत सोलोरला मेलेली निकिया दिसते, एक नाही, अनेक. उतारावरून एकीमागून एक पांढऱ्या वेषातल्या नर्तकी खाली येतात. रॉयल बॅलेत चोवीस, काही ठिकाणी बत्तीस. प्रत्येकीचं काम एकच: एक पाय मागे उचलून पुढे झुकायचं, मग मागे रेलायचं, दोन पावलं चालायचं, पुन्हा तेच. शेवटची आत येईपर्यंत पहिलीने ते वीसहून जास्त वेळा केलेलं असतं आणि तिचा पाय थरथरता कामा नये. या प्रवेशात नायिकेपेक्षा मी त्या पहिल्या मुलीसाठी श्वास धरून बसते.

समकालीन नृत्यात गोष्टच नसते. बघायचं काय?

वजन बघा. बॅले जमिनीपासून सुटायला धडपडतो, समकालीन नृत्य जमिनीकडे जातं. माणूस पडतो कसा, उठतो कसा, दुसऱ्याच्या अंगावर भार किती टाकतो, श्वास कुठे सोडतो, यातच सगळं असतं. संगीताशी ताल जुळतोय का हे शोधत बसू नका. अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या रचनांमध्ये नृत्य आणि संगीत वेगवेगळं तयार होत असे, नर्तकांना संगीत अनेकदा थेट पहिल्या प्रयोगातच ऐकू यायचं. समेवर येण्याची वाट बघणाऱ्या आपल्या कानाला हे जड जातं, मलाही गेलं.

माझी गाठ सुटली ती जर्मन नृत्यरचनाकार पिना बाऊश यांच्या 'राइट ऑफ स्प्रिंग'ने. स्त्राविन्स्कीचं हेच संगीत १९१३ मध्ये पॅरिसला पहिल्यांदा वाजलं तेव्हा सभागृहात गोंधळ उडाला होता. बाऊश यांनी त्यावर १९७५ मध्ये जर्मनीतल्या वुपरटालला आपली रचना केली. मी ती २०२२ मध्ये लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात पाहिली, आफ्रिकेतल्या १४ देशांच्या नर्तकांनी केलेली. मध्यंतरात लोक बाहेर जात होते, मी बसून राहिले. कामगारांनी रंगमंचावर मोठाले डबे उलटे केले, तपकिरी माती सांडली आणि दाताळ्यांनी ती सावकाश, सारखी पसरत गेले. वळवाच्या पहिल्या सरीनंतरचा असतो तसा वास वरच्या मजल्यापर्यंत आला. मग नाच सुरू झाला. फिकट रंगाचे पातळ झगे घातलेल्या मुली, उघड्या छातीचे पुरुष, आणि एक लाल कपडा, जो एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जातो, कोणालाच नको असतो. जिच्याकडे तो राहील तिचा बळी. दहा मिनिटांत माती घामाने अंगाला चिकटली, झगे काळपटले, आणि संगीताच्या वरून धापा ऐकू येऊ लागल्या. गोष्ट काय, असं मला कोणी विचारलं असतं तर हसू आलं असतं.

बॅले आणि समकालीन, यांतलं एकच निवडावं लागतं का?

अजिबात नाही. अक्रम खान यांनी २०१६ मध्ये इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी केलेला 'जिझेल' बघा. कथकवर वाढलेल्या या लंडनकराने खेड्याच्या जागी कापड-कारखान्यातून काढून टाकलेले स्थलांतरित मजूर आणले, मध्ये एक अवाढव्य भिंत उभी केली. त्यांच्या विली पॉइंट शूजवरच येतात, पण हातात लांब काठ्या घेऊन. मुंबईच्या गिरण्यांच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या माझ्या मावसभावाला तो जुन्या 'जिझेल'पेक्षा जवळचा वाटला. जुना आधी पाहिलेला असला तर नवा दुप्पट लागतो.

पण मराठीत 'बॅले' म्हणजे नृत्यनाटिकाच ना?

आपल्याकडे शब्द तसा रुळला खरा, आणि त्यामागेही एक वाट आहे. १९२३ मध्ये अॅना पावलोवा या रशियन नर्तकीने लंडनमध्ये कलाशिक्षण घेणाऱ्या तरुण उदय शंकर यांना सोबत घेतलं. ती राधा, ते कृष्ण, आणि जागा हीच, कॉव्हेंट गार्डन. पुढे उदय शंकर यांच्या पथकामुळे भारतीय नृत्याच्या समूहरचनांना बॅले म्हणायची पद्धत पडली. कथक नर्तकी मॅडम मेनका यांनी तर खंडाळ्याला नृत्यशाळा काढली होती. १९३६ मध्ये त्यांचं पथक बर्लिनच्या नृत्यस्पर्धेत बक्षिसं घेऊन आलं. पुढे कथकमध्ये मोठं नाव झालेल्या आपल्या दमयंती जोशी लहान वयातच याच पथकात होत्या. खंडाळ्याच्या घाटातून जाताना ही शाळा फार थोड्यांना आठवते, याची मला हळहळ वाटते.

भारतात राहून हे सगळं कसं बघायचं?

वर्षाच्या शेवटाकडे, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, 'वर्ल्ड बॅले डे' असतो. २०१४ पासून जगभरच्या संस्था त्या दिवशी आपला सकाळचा वर्ग आणि तालमी इंटरनेटवर फुकट दाखवतात. मोठमोठे नर्तक लोकरीचे पायमोजे घालून दांड्याला धरून गुडघे वाकवण्यापासून सुरुवात करतात, ते बघण्यासारखं असतं. हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधली 'प्री द लोझान' ही कोवळ्या वयाच्या नर्तकांची स्पर्धाही थेट दिसते. आज तिथे पाहिलेलं पोर पाच वर्षांनी मोठ्या रंगमंचावर दिसलं की घरचं कोणी पास झाल्यासारखं वाटतं.

मुंबईत नरिमन पॉइंटचं एनसीपीए हे कलाकेंद्र आणि वांद्रे-कुर्ला संकुलातलं अंबानी कल्चरल सेंटर यांच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा. मुंबईतच बॅलेशिक्षक येहुदा माओर यांच्याकडे शिकलेला अमिरुद्दीन शाह २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला, हे घरातल्या मुलांना जरूर सांगा.

प्रयोगानंतर स्टेज डोअरला थांबलं तर चालतं का?

चालतं. रॉयल ऑपेरा हाउसचं ते दार फ्लोरल स्ट्रीटवर आहे. अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं, कारण मेकअप उतरवायचा असतो, पाय बर्फात ठेवायचे असतात. शरीराबद्दल, वजनाबद्दल, वयाबद्दल एक शब्दही काढायचा नाही, कौतुकाचासुद्धा नाही. या लोकांनी ते ऐकण्यात आयुष्य काढलेलं असतं. त्याऐवजी नेमकं काय आवडलं ते सांगा. मी एकदा एका जिझेलला एवढंच म्हटलं की पाकळ्या तोडताना तुम्ही आईकडे बघत होतात. लोकरीची टोपी, खांद्यावर मोठी पिशवी, पिशवीतून बाहेर आलेली गुलाबी फीत. ती थांबली, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "वरून दिसलं ते?"